एका घरातल्या दोन फिटर

छकुली माझी नणंद. तिच्याबद्दल चार शब्द सांग म्हटलं तर मी चाळीस सांगेन, आणि त्यातले निम्मे जळफळाटाचे असतील, हे आधीच सांगून टाकते. उगाच मागाहून कुणी म्हणायला नको.

नावावर जाऊ नका. छकुली म्हणजे चांगली थोराड बाई आहे. कानस चालवून चालवून तिचे दंड असे भरलेत की झंपरच्या बाह्या उसवतात. पण सासूबाईंना ती उशिरा झाली, त्यात सासरे लवकर गेले, म्हणून ती छकुलीच राहिली. तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. ती शिंकली तरी घरात धावपळ. मी तापानं फणफणले होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हवाच तशी आहे." झालं. हवेवर ढकलून मोकळ्या.

आता गंमत अशी की ही लाडावलेली पोर शिकली काय, तर फिटरकाम. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कानशीनं घासघासून हव्या त्या मापाला आणायचा. तिनं शाळेतूनच ठरवलं होतं म्हणे. शिकायला मोठी संस्था, रंग दिलेल्या भिंती, प्रत्येकाला वेगळा व्हाइस. तिथल्या दालनात काचेचं कपाट होतं आणि त्यात दरवर्षीचे सगळ्यात सुबक तुकडे मांडून ठेवायचे. त्यात छकुलीचे तुकडे होते. एक नाही, बरेच. आणि हे मला कुणी सांगितलं? घरात येणाऱ्या प्रत्येकानं.

फिटर मीही आहे. तेवढंच प्रमाणपत्र माझ्याकडेही आहे. मी झाले कशी, तर शिवणकामाच्या वर्गात जागा उरली नव्हती. बापानं फी भरलेली, परत मिळेना, म्हणून शेजारच्या वर्गात बसवलं. आमची संस्था म्हणजे पत्र्याची शेड. काचेचं कपाट सोडा, खिडकीला काच नव्हती. पण हात बसला माझा. आवडायला लागलं. दोन तुकडे एकमेकांत सरकून गप्पकन बसले की पोटात कसं गार वाटतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मग लग्न झालं आणि प्रमाणपत्र ट्रंकेत गेलं. लग्न ठरताना सासूबाई केवढ्या खूश! "मुलगी फिटर आहे? वा वा, म्हणजे आमच्या छकुलीला सोबत होईल." सोबत! म्हणजे मी सून की खेळगडी?

आमचं घर रेल्वेच्या वर्कशॉपच्या भिंतीला लागून, मागच्या बाजूला. दोन खोल्या. भोंगा झाला की भांडी थरथरतात. भिंतीच्या पलीकडे डबे दुरुस्त होतात. नवरा तिथंच कामाला जातो, पण ठेकेदाराकडून. डब्याखाली आडवं होऊन काळं तेल खरवडायचं. शेजारी तेच काम करणारा पर्मनंट माणूस असतो. त्याला राहायला क्वार्टर, आजारी पडला तर दवाखाना, गाडीचा पास, म्हातारपणी पेन्शन. आणि ह्यांना? ठेका बदलला की फाटकाबाहेर उभं राहायचं, नवा ठेकेदार ओळख दाखवतो का बघत. पर्मनंटवाल्यांच्या बायका भाजी घ्यायला येतात ना, त्यांची चालच वेगळी असते. सावकाश. कशाची घाई नसल्यासारखी. मी त्यांच्यावरही जळते, उगाच एकट्या छकुलीवर अन्याय नको.

त्या भिंतीच्या आत शिरायची आमच्यासारख्यांना एकच वाट, अप्रेंटिसशिप. रेल्वे शिकाऊ कारागीर घेते. फिटर, वेल्डर, सुतार. हातानं काम करून दाखवायची परीक्षा असते, आणि संस्थेतले लेखी गुणही धरतात. त्यात निवड झाली की आत शिकायचं, शेवटी मोठी परीक्षा द्यायची, आणि पर्मनंट जागा निघाल्या की या शिकून बाहेर पडलेल्यांना आधी विचारतात. म्हणजे आज नोकरी नाही, पण नोकरीच्या दाराची कडी हाताला लागते. वयाची अट मात्र कडक.

त्या वर्षी जाहिरात आली आणि घरात वरात निघाल्यासारखं झालं. सासूबाईंनी छकुलीला नवा शर्ट आणला, फोटो काढायला स्टुडिओत स्वतः घेऊन गेल्या. दोघी परत आल्या तेव्हा मी कांदा चिरत होते. म्हटलं, "मीही अर्ज भरते."

सासूबाई म्हणाल्या, "कसला?"

"हाच. माझं वयाचं हे शेवटचं वर्ष आहे."

 हे छताकडे बघायला लागले, जणू गळतंय की काय. शेवटी छकुलीच म्हणाली, "भर की वहिनी, मजा येईल."

मजा! तिला मजा. माझ्या जिवावर बेतलेलं, या वर्षी नाही तर जन्मात नाही, आणि हिला मजा. मी अर्ज भरला. संस्थेतला जुना फोटो लावला, ज्यात मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते.

मग तयारी. घरात व्हाइस एकच, दाराशी बाकाला ठोकलेला, छकुलीचा. दिवसभर ती त्यावर. तिचे पाय दुखू नयेत म्हणून सासूबाईंनी खाली गोधडीची घडी टाकली. मला व्हाइस कधी मिळायचा, तर भांडी घासून, धुणं वाळत घालून, तिची हवा खायची वेळ झाली की. मी कानस लावली रे लावली की आतून आवाज, "अगं, डोकं उठलं माझं त्या खरखरीनं!" लेकीची खरखर दिवसभर चालायची, तेव्हा ह्या बाई त्याच खरखरीत घोरत पडायच्या. मी दात-ओठ खाऊन घासायची. लोखंड बिचारं मुकाट झिजायचं.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? छकुली वाईट नाही. वाईट असती तर किती सोपं झालं असतं! माझी कानस बोथट झालेली बघून तिनं स्वतःची चांगली मला दिली. म्हणाली, "घे गं, माझ्याकडे आहे दुसरी." मला ती घ्यावी लागली. घेताना हसावं लागलं. त्या दिवशी रात्री मला झोप येईना. तिनं दिलेल्या कानशीनं माझं काम सुधारलं, याचाही मला राग आला. माणसानं इतकंही चांगलं असू नये की समोरच्याला धड जळताही येऊ नये.

तिचं काम बघायला मी चोरून थांबायची. कोपर शरीराशी, मान ताठ, कानस पुढे जाताना आवाज एकसारखा, कुठे अडखळत नाही. गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून उजेडाकडे धरायची, तर मध्ये केसाएवढी फट दिसायची नाही. माझ्या तुकड्यात दिसायची. पुसट, पण दिसायची. मी ती बोटानं झाकून बघायची.

परीक्षेला आम्ही दोघी बरोबरच गेलो. फाटकापर्यंत सासूबाई आल्या. छकुलीच्या गालावरून हात फिरवला, मला म्हणाल्या, "हिच्याकडे लक्ष दे हो." मी परीक्षेला चालले होते की हिची दाई म्हणून, देव जाणे.

आत लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना बाकं, प्रत्येक बाकावर व्हाइस. अर्ज एकदम भरलेले म्हणून आमचे नंबर लागोपाठ, बाकं शेजारी. काम ओळखीचंच होतं. पोलादाच्या दोन जाड पट्ट्या. एकीला पुढे जीभ काढायची, दुसरीला तेवढीच खाच, आणि जीभ खाचेत नुसत्या हातानं सरकली पाहिजे. हातोडी मारायची नाही. परीक्षक बसवून बघणार, बॅटरी लावून फट बघणार. आणि तुकडा कुणाचा ते कळावं म्हणून आपला नंबर आपणच त्यावर ठोकायचा. त्यासाठी आकड्यांचे पंच, म्हणजे पोलादी ठसे, आणि हातोडी बाकावर ठेवलेली.

मी तुकडे हातात येताच आधी नंबर ठोकले. त्यात माझी काही हुशारी नव्हती. आमच्या शेडमध्ये तुकडे चोरीला जायचे. पाठ वळली की पोरं दुसऱ्याचा चांगला तुकडा उचलून आपला म्हणून दाखवायची. म्हणून आमची सवयच, लोखंड हातात आलं की पहिला नंबर, मग बाकीचं. छकुलीच्या संस्थेत चोरी कोण करणार? तिथं उलटी रीत. तुकडा पूर्ण झाला, पसंत पडला, की सर शेवटी त्यावर नंबर उमटवायचे आणि तो कपाटात जायचा. शेवटचा नंबर म्हणजे शाबासकी.

काम सुरू झालं. मी एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, कान होते ना. तिची कानस तशीच, एका सुरात. माझी कुरकुरत. घाम डोळ्यांत उतरत होता. माझी जीभ अजून खाचेच्या तोंडाशीच अडत होती, तेवढ्यात शेजारून ठण ठण आवाज आला. पंचावर हातोडी. म्हटलं, झालं! हिचं संपलंसुद्धा. नंबर ठोकतेय बया. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं का बोलू. मनात म्हटलं, जा बाई जा, घे सगळं. सासरही तुझं, व्हाइसही तुझा, आता रेल्वेही तुझी. आणि त्या रागात कानस मारत सुटले.

मग शेजारची कानस पुन्हा सुरू झाली. घाईघाईनं. अडखळत. असा आवाज तिच्या हातून मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, चकाकी आणत असेल, लाडोबा.

वेळ संपली. परीक्षक आला. आधी माझ्याकडे. जीभ खाचेत सरकवली. जराशी कुरकुरली, पण बसली. बॅटरी लावली, एका कडेला अंधूक उजेड दिसला. "हं," म्हणाला, लिहिलं आणि पुढे गेला. छकुलीचा तुकडा उचलला. काय देखणा होता! आरशासारखा. जिभेच्या कडेलगत नंबर, एका ओळीत, सुबक. परीक्षकानं जीभ खाचेत घातली. जाईना. उलटी करून घातली, जाईना. मग एका बाजूनं गेली तर दुसऱ्या बाजूला ही फट. त्यानं मान हलवली आणि बॅटरी विझवली.

फाटकाबाहेर आल्यावर मला समजलं. म्हणजे तिनंच सांगितलं, भिंतीला टेकून. "वहिनी, बसत होती गं. लोण्यासारखी बसत होती. मग मी वर नंबर ठोकला." पंच मारला की त्याच्या आजूबाजूचं लोखंड फुगतं. डोळ्यांना दिसत नाही, पण खाचेला कळतं. जिभेच्या कडेला ठोकल्यावर तर विचारूच नका. मग ते फुगलेलं घासायला गेली, घाई झाली, जास्त घासलं गेलं. माझं फुगलेलं मी पहिल्याच घासाघाशीत काढून टाकलं होतं, मलाच पत्ता न लागता.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. वाईट वाटलं मला, खरंच वाटलं. आणि त्याच वेळी आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या. दोन्ही एकदम वाटतं, काय करणार?

निकाल फाटकावर लागला. फिटरच्या निवडीत शेवटचं नाव माझं. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली प्रतीक्षा यादीत पहिलं नाव छकुलीचं. लेखी गुण तिचे चांगले होते, म्हणून तरी तिथपर्यंत पोचली. मी घरी आले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. सासूबाई छकुलीला कुशीत घेऊन बसल्या. घरात सुतक आल्यासारखं. माझी निवड झाली होती हो! माझी! कुणी तोंडदेखलंसुद्धा बरं झालं म्हणालं नाही. रात्री अंथरुणात हे कानात कुजबुजले, "अभिनंदन." चोरून, उसनं मागितल्यासारखं.

छकुली माझ्याशी बोलायची थांबली. मी खोलीत आले की ती दुसऱ्या खोलीत. जेवताना माझ्याकडे बघायची नाही, आणि बघितलं की अशी बघायची की मी चटकन ओळखलं. ही नजर माझ्या रोजच्या ओळखीची, फक्त आजवर ती माझ्या डोळ्यांत असायची. सांगते, मला बरं वाटलं. माझ्यावर जळावं असं माझ्याजवळ कधी काही नव्हतंच. अंगावर मूठभर मांस चढलं.

हजर व्हायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी स्वतः चहा केला आणि कप माझ्या हातात आणून दिला. तेव्हाच मी सावध झाले.

"बस गं बाळ," त्या म्हणाल्या. लग्न झाल्यापासून मी बाळ पहिल्यांदा. "हे बघ, तुला नवरा आहे, घर आहे. उद्या लेकरू होईल, मग ते शिकणं कसं जमायचं? छकुलीचं अजून सगळं व्हायचंय. तू उद्या गेली नाहीस ना, की ती आपोआप वर सरकते. काही सांगायलाही नको. आजारी पडलीस म्हणू."

"तिचं अजून वय आहे आई, ती पुढच्या वर्षी देईल. माझं नाही."

"पुढच्या वर्षीचं कुणी बघितलंय? घरातली जागा घरातच राहील."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली बघून नख कुरतडत होते. म्हटलं, "अहो, बोला की."

"आई म्हणते ते... म्हणजे तसं तुझंही बरोबर आहे," हे म्हणाले. डब्याखाली आडवं पडून पडून कणाच गेला असावा.

माझा आवाज चढला. "हातातोंडाशी आलेला घास आहे हा माझा. मी नाही सोडणार. आजारी पडले तर स्ट्रेचरवरून जाईन. तुमच्या लेकीला इतकी वर्षं सोबत दिली, आता रेल्वेपण देऊ?"

"बघितलंस?" सासूबाई लेकाला म्हणाल्या. "आतलं बाहेर आलं. पहिल्यापासून पाण्यात बघते माझ्या पोरीला!"

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. छकुली. रडून रडून डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

"आई, तुला काही लाज?" ती ओरडली. "तिच्या जागी मी असते तर मी सोडली असती? मेले असते तरी सोडली नसती! मग तिनं का सोडायची?"

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी काही करू नकोस. तिचा तुकडा बसला, माझा नाही बसला. संपलं." मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता मिठी मारते की काय. कसली मिठी! बोट रोखून म्हणाली, "आणि तू खूश होऊ नकोस. तुझं तोंड बघवत नाही मला. जळते मी तुझ्यावर, कळलं? माझ्यापेक्षा वाईट काम करून निवडून आलीस. पण सोडलेली जागा मला नको. ती घेऊन मी आत कानस कशी धरू?"

दार पुन्हा आपटलं. चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी मी गेले आणि हजर झाले.

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण माझं नशीब इतकं सरळ कुठलं! छकुलीनं जागा नको म्हटल्याची ती गोष्ट सासूबाईंनी शेजारी सांगितली. शेजारीण पुढे घेऊन गेली. जाता जाता गोष्टीला पाय फुटले, आणि आठवड्याभरात सगळ्या गल्लीला माहीत झालं की छकुलीनं वहिनीसाठी रेल्वेची जागा सोडली. केवढं मन बाई! अशी नणंद शोधून मिळायची नाही! दळण आणायला गेले तर गिरणीवाला म्हणतो, "वहिनी, नणंदेचे पाय धुऊन पाणी प्या." वर्कशॉपमध्ये आमचा फोरमन, त्यानं माझा तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला, मला वाटलं आता चांगलं म्हणतो. म्हणाला, "ती नणंद जिनं जागा दिली, ती तुझीच ना?" मी घाम गाळून, त्या हॉलमध्ये रडत, स्वतःच्या हातानं बसवलेली जीभ, आणि जागा दिली कुणी, तर छकुलीनं!

छकुली लोकांना खरं सांगते, नाही असं नाही. "अहो, मी नापास झाले, कसलं सोडलं न् काय." तर लोक म्हणतात, बघा, बोलूनसुद्धा दाखवत नाही.

परवा कामावरून आले, हात धुतले आणि दाराशी तिला गाठलं. पुढच्या वर्षासाठी ती पट्टी घासत होती. आम्ही आता बोलतो, कामापुरतं. म्हटलं, "तू लोकांना नीट सांगत का नाहीस? जोरात सांग. प्रत्येकाला सांग. मी जिंकले म्हणून सांग."

तिनं कानस थांबवली. "सांगून बघितलं. कुणी ऐकत नाही." मग खाली बघून म्हणाली, "आणि वहिनी, अख्खी रेल्वे तुला मिळाली. एवढी वाहवा तरी मला राहू दे ना."

 मी ओले हात झटकले. मग म्हटलं, "राहू दे."

म्हटलं खरं. पण तोंडानं. आतून अजून निघत नाहीये.